धमन्यांत थर साचू नये म्हणून आहारातले कोणते घटक खरोखर कामाचे? मात्रा आणि पुरावा हवा आहे

सजग_वाचक

धमन्यांत थर साचण्यापासून बचाव करणाऱ्या अन्नघटकांची यादी दर महिन्याला लांबतेच आहे. ओट्समधलं बीटा-ग्लुकन, इसबगोल, वनस्पती स्टेरॉल, ओमेगा-३, लसणातलं ॲलिसिन, कोकोतली फ्लॅव्हनॉल्स, बीटमधली नायट्रेट्स, ऑलिव्ह तेलातली पॉलिफिनॉल्स, के२ जीवनसत्त्व, हळदीतलं कर्क्युमिन, लाल यीस्ट तांदूळ. प्रत्येकाचा कुठला ना कुठला अभ्यास दाखवला जातो. पण तो अभ्यास उंदरांवरचा, काचनळीतला की माणसांवरचा, हे सहसा सांगत नाहीत. मात्रा तर कुणीच सांगत नाही.

समजा वय ४५च्या आसपास, एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १५२ मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर, रक्तदाब १३४/८६, मधुमेह नाही, धूम्रपान नाही. डॉक्टरांनी औषधाआधी तीन महिने आहाराला दिले आहेत. या तीन महिन्यांत नेमकं काय, किती, कधी घ्यावं? कशावर वेळ दवडू नये? आणि फरक पडला हे कशावरून ओळखावं?

धमनीविचार

आधी थर कसा बनतो ते पाहू, म्हणजे यादीतली निम्मी नावं आपोआप गळतील.

एलडीएलचा कण रक्तातून धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतो. प्रत्येक कणावर अपोबी नावाचं एकच प्रथिन असतं. अस्तराखालच्या प्रोटिओग्लायकन नावाच्या रेणूंना ते चिकटतं आणि कण तिथेच अडकून पडतो. अडकलेल्या कणाचं ऑक्सिडीकरण होतं. त्याला गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीनं फुगतात आणि तिथेच मरतात. वरून स्नायूपेशी तंतूंचं झाकण विणतात, पुढे त्यात कॅल्शियम बसतं. झाकण पातळ राहिलं आणि फाटलं की गुठळी होते, आणि झटका येतो तो या गुठळीमुळे.

या साखळीत दोन ठिकाणी हात घालता येईल असं वाटत होतं: कणांची संख्या कमी करा, किंवा ऑक्सिडीकरण थांबवा. दुसरी कल्पना १९८० आणि ९०च्या दशकांत फार जोरात होती. ई जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण रोखतं, म्हणजे थरही रोखेल, असा तर्क. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत सुमारे ९,५०० लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं आणि साडेचार वर्षं पाहिलं. हृदयविकारात काहीही फरक पडला नाही. त्याच गटाच्या पुढच्या पाहणीत तर हृदय निकामी होण्याचं प्रमाण ई घेणाऱ्यांत थोडं जास्त निघालं. बीटा-कॅरोटीनचं त्याहून वाईट झालं: धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढला. होमोसिस्टीन (रक्तातला, हृदयविकाराशी जोडला गेलेला एक घटक) कमी करायला फॉलिक ॲसिड दिलं, होमोसिस्टीन कमी झालं, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत.

कणांची संख्या कमी करण्याचं मात्र उलट आहे. एलडीएल ३९ मिलीग्रॅमनं कमी केलं की पुढच्या काही वर्षांतल्या मोठ्या हृदय-रक्तवाहिनी घटना साधारण २२ टक्क्यांनी घटतात. हा आकडा स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या अनेक मोठ्या चाचण्या एकत्र करून आलेला आहे. जन्मतः जनुकांमुळेच एलडीएल तेवढं कमी असलेल्यांत हा फायदा ५० टक्क्यांच्या पुढे जातो, कारण तिथे आयुष्यभराची बेरीज असते.

म्हणून कुठलाही घटक समोर आला की पहिला प्रश्न हा विचारा: यानं माणसांत एलडीएल किंवा अपोबी किती उतरतं? दुसरा: रक्तदाब उतरतो का? ‘अँटिऑक्सिडंट आहे’ हे उत्तर दोन्ही प्रश्नांना पुरत नाही.

तंतुमय

वरच्या कसोटीला सर्वांत नीट उतरतात ते पाण्यात विरघळून चिकट होणारे तंतू. ‘चिकट’ हा शब्द महत्त्वाचा. गव्हाच्या कोंड्यातला तंतू पोट साफ करतो, पण एलडीएलला हात लावत नाही, कारण तो चिकट होत नाही.

काम असं चालतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती आतड्यात येतात आणि बहुतेक सगळी शेवटच्या भागातून परत शोषली जातात. चिकट जेल त्यांना अडकवून बाहेर नेतं. यकृताला नवी पित्ताम्लं बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, म्हणून ते आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढवतं आणि रक्तातले कण ओढून घेतं. सोबत यकृत स्वतःचं उत्पादनही थोडं वाढवतं, म्हणून हा परिणाम एका मर्यादेपलीकडे जात नाही.

मात्रा. बीटा-ग्लुकन रोज ३ ग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच मात्रेवर. चपट्या ओट्समध्ये वजनाच्या साधारण ४ टक्के बीटा-ग्लुकन असतं, म्हणजे कोरडे ७५ ग्रॅम लागतात. एक छोटी वाटी पुरत नाही. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. ओट्सचा कोंडा घेतला तर ४० ते ५० ग्रॅममध्ये भागतं. जवातही, म्हणजे बार्लीतही, हाच तंतू आहे. एवढ्यानं एलडीएल ५ ते ७ टक्के उतरतं.

दुसरी चूक प्रक्रियेची. बीटा-ग्लुकनचा रेणू लांब असेल तरच जेल घट्ट होतं. जास्त उष्णता आणि दाबाखाली फुगवलेल्या कुरकुरीत न्याहारीत रेणू तुटलेले असू शकतात. २०१०च्या एका चाचणीत तेवढीच मात्रा पण तोडलेला रेणू दिल्यावर परिणाम जवळजवळ निम्म्यावर आला. शिजवल्यावर ओट्स बुळबुळीत होतात ना, तीच खूण समजा. पाण्यासारखे सुटे राहिले तर शंका घ्या.

इसबगोलाचं भुसं रोज १० ग्रॅम, दोन भागांत, जेवणाआधी किंवा जेवणासोबत. अनेक चाचण्या मिळून सरासरी घट १३ मिलीग्रॅमच्या आसपास दिसते. रात्री झोपताना एकदाच घेऊन पोट साफ होईल, पण पित्त आतड्यात येतं ते जेवणाच्या वेळी, म्हणून जेवणाजवळ घेणं बरं.

सुरुवात ३ ग्रॅमनं करा आणि दर आठवड्याला ३ ग्रॅम वाढवा. पहिल्याच दिवशी १० ग्रॅम घेतलं की पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो. प्रत्येक ५ ग्रॅमला किमान २४० मिलीलीटर पाणी, आणि ढवळल्याबरोबर पिऊन टाका. कोरडं भुसं तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायचं हे धोक्याचं आहे. अन्ननलिकेत फुगून अडकतं. गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्यात अरुंद जागा असेल तर घेऊच नका. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर अंतर आणखी वाढवावं लागतं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

सजग_वाचक

हे फार उपयोगी आहे. ७५ ग्रॅम ओट्स आणि १० ग्रॅम इसबगोल दोन्ही एकदम चालेल का, की एकच पुरे? आणि वनस्पती स्टेरॉलच्या गोळ्यांबद्दल टोकाची मतं ऐकली, एक म्हणतो उत्तम, दुसरा म्हणतो निरुपयोगी.

तंतुमय

दोन्ही चालतील, पण फायद्याची सरळ बेरीज होणार नाही. रस्ता एकच आहे. रोज ७५ ग्रॅम ओट्स खाणं जमत नसेल त्या दिवशी इसबगोल, असं आलटून-पालटून केलं तरी हरकत नाही. सलगता महत्त्वाची. तंतू बंद केला की दोन-तीन आठवड्यांत आकडा मूळ जागी येतो.

स्टेरॉलबद्दल. स्टेरॉल आणि स्टॅनॉल हे कोलेस्टेरॉलचे वनस्पतींतले भाऊबंद. आतड्यात चरबी विरघळवणारे जे सूक्ष्म थेंब असतात, त्यांत कोलेस्टेरॉलची जागा हे अडवतात. कोलेस्टेरॉल बाहेर राहिलं की शोषलं जात नाही. यातलं बरंचसं कोलेस्टेरॉल जेवणातलं नसून पित्तातून आलेलं असतं, म्हणून शाकाहारी माणसालाही उपयोग होतो. रोज २ ग्रॅमनं एलडीएल ८ ते १० टक्के उतरतं. ३ ग्रॅमच्या पुढे जादा फायदा नाही. साध्या जेवणातून २०० ते ४०० मिलीग्रॅमच मिळतात, त्यामुळे ही मात्रा मिसळलेल्या पदार्थांतून किंवा गोळीतूनच गाठता येते.

‘निरुपयोगी’ म्हणणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा दोनपैकी एक घोटाळा असतो. एक, गोळी उपाशीपोटी घेतली. पित्त नाही, चरबी नाही, थेंब नाहीत, मग स्टेरॉल अडवणार काय? दिवसातल्या मोठ्या जेवणासोबतच घ्यायची. दोन, वेष्टनावरचा आकडा ‘स्टेरॉल एस्टर’चा असतो. एस्टरमध्ये मेदाम्लाचं वजन जोडलेलं असतं. १ ग्रॅम मोकळ्या स्टेरॉलसाठी साधारण १.६ ते १.७ ग्रॅम एस्टर लागतो. २ ग्रॅम एस्टर घेणारा प्रत्यक्षात सव्वा ग्रॅमच्या आसपासच घेत असतो.

सिटोस्टेरॉलेमिया नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार असेल तर हे पूर्ण वर्ज्य, कारण त्यात स्टेरॉल बाहेर टाकले जात नाहीत आणि स्वतःच धमन्यांत साचतात. गरोदरपणात आणि लहान मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत. रक्तातलं कॅरोटीन थोडं कमी होतं, त्यावर गाजर-भोपळ्यासारख्या नारिंगी आणि हिरव्या भाज्या वाढवणं एवढाच उपाय.

मोजमाप

स्टेरॉलबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यानं एलडीएल उतरतं हे पक्कं, पण झटके कमी झाले असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. तंतूंचंही तसंच. आपण एलडीएलवरून अनुमान काढतो आहोत. अनुमान सबळ आहे असं माझंही मत, तरी ते अनुमान आहे हे लक्षात असू द्या.

२०२२ ची ‘स्पोर्ट’ चाचणीही पाहा. रोसुव्हास्टॅटिन ५ मिलीग्रॅम, निष्क्रिय गोळी आणि सहा पूरकं (मासळीचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्ट तांदूळ) यांची २८ दिवस तुलना केली. स्टॅटिननं एलडीएल जवळजवळ ३८ टक्के उतरवलं. सहांपैकी एकाही पूरकाचा निष्क्रिय गोळीपेक्षा अर्थपूर्ण फायदा दिसला नाही, आणि लसणाच्या गटात एलडीएल उलट वाढलं.

तंतुमय

ती चाचणी महत्त्वाची आहेच, पण एका गटात जेमतेम २५ माणसं होती. एवढ्या लहान गटात ३८ टक्क्यांची घट लख्ख दिसते, ७-८ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या गाळणीतून निसटू शकते. ‘पूरकं स्टॅटिनची जागा घेऊ शकत नाहीत’ हा निष्कर्ष पक्का. ‘स्टेरॉलचा परिणाम शून्य’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. स्टेरॉलवर शंभराहून जास्त चाचण्या आहेत.

मोजमाप

मान्य. लसूण-दालचिनी-हळद यांच्या बाबतीत मात्र दुसऱ्या बाजूला तेवढा भरभक्कम ढीग नाही.

घटक सुटे न घेता एकत्र घेतले तर काय होतं, याचं चांगलं उत्तर २००३ च्या ‘पोर्टफोलिओ’ आहाराच्या चाचणीत आहे. दर १,००० किलोकॅलरींमागे १ ग्रॅम स्टेरॉल, सुमारे १० ग्रॅम चिकट तंतू, २१ ग्रॅम सोया प्रथिन आणि १४ ग्रॅम बदाम. चार आठवड्यांत एलडीएल २८.६ टक्के उतरलं. लोव्हास्टॅटिन २० मिलीग्रॅम घेणाऱ्यांचं ३०.९ टक्के. पण ते जेवण संशोधकांनी पुरवलेलं होतं. २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला देऊन सहा महिने पाहिलं तेव्हा घट १३-१४ टक्क्यांवर आली. घरी नियमानं करणाऱ्यानं या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आपली अपेक्षा ठेवावी. १५२ वरून ११५ ते १३० हा पल्ला शक्य आहे.

आणि जे काढून टाकायचं त्याचा हिशोब विसरू नका. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी ५ टक्के ऊर्जा संतृप्त चरबीऐवजी बहुअसंतृप्त तेलांतून, अक्रोडातून, बियांतून घेतली की एलडीएल सुमारे १० मिलीग्रॅम उतरतं. न गाळलेली, उकळलेली किंवा दाबयंत्रातली (फ्रेंच प्रेस) कॉफी दिवसाला चार-पाच कप पीत असाल तर तीच कॉफी कागदी गाळणीतून घ्या. कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक एलडीएल वाढवतो आणि कागद तो अडवतो. पूरकांवर पैसे घालण्याआधी हे तपासा.

धमनीविचार

आता उरलेली नावं, रक्तदाब आणि अस्तराच्या बाजूनं.

नायट्रेट्सचा परिणाम खरा आहे. बीट आणि पालेभाज्यांतलं नायट्रेट लाळेतून जिभेवर येतं, तिथले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि शरीरात त्याचा नायट्रिक ऑक्साइड होऊन धमनी सैलावते. २०१५ च्या एका चाचणीत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना रोज २५० मिलीलीटर बीटचा रस चार आठवडे दिला, वरचा दाब सुमारे ७ ते ८ अंकांनी उतरला. क्लोरहेक्सिडीनसारख्या जंतुनाशकाच्या चुळा भरत असाल तर जिभेवरचे जिवाणूच मरतात आणि रस फुकट जातो. कॅल्शियम ऑक्झलेटचे मूतखडे होत असतील तर बीट-पालकाऐवजी कमी ऑक्झलेटची पालेभाजी, उदाहरणार्थ लेट्यूस किंवा रॉकेट.

दळलेलं जवस रोज ३० ग्रॅम. पायांच्या धमन्यांचा आजार असलेल्यांवरच्या २०१३च्या चाचणीत सहा महिन्यांनी वरचा दाब सुमारे १० अंकांनी कमी होता. अख्खं जवस गिळलं तर तसंच बाहेर पडतं. दळा, बंद डब्यात थंड जागी ठेवा आणि आठवडाभरात संपवा. रंगासारखा वास आला की तेल खराब झालं. त्यातल्या ओमेगा-३ चं मासळीतल्या ईपीए या ओमेगा-३ प्रकारात रूपांतर फार थोडं होतं, म्हणून जवस हा मासळीचा पर्याय मानू नका. तो स्वतःच्या जोरावर चांगला आहे.

मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल: रोज १ ग्रॅमनं निरोगी माणसात फारसं काही होत नाही. २०१८ च्या ‘रिड्यूस-इट’मध्ये ४ ग्रॅम शुद्ध ईपीएनं घटना २५ टक्के घटल्या, पण ते ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्या, स्टॅटिनवरच्या रुग्णांत, आणि तुलनेच्या गटाला दिलेल्या खनिज तेलावरून वाद अजून आहे. २०२०च्या ‘स्ट्रेंग्थ’मध्ये ईपीए आणि डीएचए (मासळीतला दुसरा ओमेगा-३) यांच्या मिश्रणाचा फायदा दिसला नाही. मोठ्या मात्रेनं हृदयाची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो. स्वतःहून ४ ग्रॅम घेण्याची ही गोष्ट नाही.

कोको: २०२२ च्या ‘कॉसमॉस’मध्ये २१,४४२ ज्येष्ठांवर रोज ५०० मिलीग्रॅम फ्लॅव्हनॉल्सची चाचणी झाली. मुख्य निकष गाठला गेला नाही, हृदयरोगानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी दिसले. आशादायक, पण निर्णायक नाही. अल्कलीनं प्रक्रिया केलेली गडद कोको पूड घेतली तर फ्लॅव्हनॉल्स बहुतांश गेलेली असतात. चॉकलेटमधून ५०० मिलीग्रॅम गाठायला जाल तर साखर आणि चरबीच जास्त जाईल.

ऑलिव्ह तेलाच्या पॉलिफिनॉल्ससाठी युरोपीय नियम २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलीग्रॅम हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याची संयुगं मागतो. घशाला हलकी झणझण देणारं, कडसर, पहिल्या दाबाचं तेल त्या बाजूचं. गुळगुळीत, बिनचवीच्या शुद्धीकृत तेलात ती नसतात. पारदर्शक बाटली उजेडात ठेवली तर असलेलीही जातात.

लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवला तर ॲलिसिन तयार होतं. लगेच गरम तेलात टाकला तर ते बनवणारं विकर आधीच मरतं. चवीसाठी जरूर खा, एलडीएलसाठी त्याच्यावर विसंबू नका.

औषधयोग

माझा मुद्दा सुरक्षिततेचा.

लाल यीस्ट तांदळातलं मोनाकोलिन-के हा रेणू म्हणजेच लोव्हास्टॅटिन. ‘नैसर्गिक’ या शब्दानं फसू नका. स्नायूदुखी, यकृताचा त्रास, ग्रेपफ्रूट आणि काही प्रतिजैविकांशी होणारी टक्कर, सगळं स्टॅटिनसारखंच, फक्त मात्रा अनिश्चित. पुन्हा सिट्रिनिन नावाचं बुरशीचं विष त्यात सापडू शकतं, ते मूत्रपिंडाला घातक. युरोपीय संघानं २०२२ मध्ये दिवसाच्या मात्रेत मोनाकोलिन ३ मिलीग्रॅमपेक्षा कमीच हवं असा नियम केला. स्टॅटिन घ्यायचंच असेल तर मोजून बनवलेली गोळी घ्या. आधीच स्टॅटिनवर असाल तर वरून हे अजिबात नको.

के२: धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसू न देणारं एक प्रथिन के जीवनसत्त्वावर चालतं, त्यामुळे कल्पना आकर्षक आहे. पण २०२२ मध्ये रोज ७२० मायक्रोग्रॅम के२ आणि सोबत ड जीवनसत्त्व देऊन महाधमनीच्या झडपेतलं कॅल्शियम थांबतं का ते पाहिलं, अर्थपूर्ण फरक पडला नाही. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यानं के२ ला हातही लावू नये. रक्त पातळ राहण्याचा सगळा हिशोब उलटतो.

कर्क्युमिन शोषलं जात नाही म्हणून त्यात मिरीचं पायपरिन घालतात. अशा जादा शोषल्या जाणाऱ्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातल्या हळदीची ही गोष्ट नाही. बर्बेरिननं (दारुहळदीसारख्या वनस्पतींतला घटक) एलडीएल उतरतं, पण ते अनेक औषधांचं विघटन अडवतं. सायक्लोस्पोरिन (रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्यांना आणि गरोदरपणात वर्ज्य.

मोजमाप

शेवटचा प्रश्न राहिला होता, फरक कसा ओळखायचा.

एकाच माणसाचं एलडीएल काहीही न बदलता दोन तपासण्यांत ८-१० टक्क्यांनी हलू शकतं. म्हणजे एका तपासणीवरून ७ टक्क्यांचा परिणाम दिसला म्हणणंही चूक, दिसला नाही म्हणणंही चूक. सुरुवातीला आठवड्याच्या अंतरानं दोनदा तपासा, सरासरी काढा. मग आहार ६ ते ८ आठवडे न चुकता, आणि पुन्हा दोनदा. प्रयोगशाळा तीच. ताप, संसर्ग, शस्त्रक्रिया यांच्यानंतर काही आठवडे तपासू नका, त्या काळात एलडीएल खोटं कमी दिसतं. अहवालातलं एलडीएल बहुधा सूत्रानं काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही. जमलं तर अपोबीच मोजा.

कॅल्शियम स्कोअर (सीटी स्कॅनवर मोजलेलं हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम) या तीन महिन्यांच्या मोजणीसाठी वापरू नका. तो आहारानं खाली येत नाही. स्टॅटिननं तर थर घट्ट होताना तो थोडा वाढूही शकतो.

लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, थराचा धोका वाढवणारा कण) आयुष्यात एकदा मोजून घ्या. ते जवळजवळ पूर्ण जनुकांवर ठरतं, ओट्स-स्टेरॉल काहीच त्याला हलवत नाहीत, आणि ते जास्त निघालं तर १५२ या आकड्याचा अर्थच बदलतो. घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल तर थांबायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. एलडीएल १९० किंवा वर असेल तर आहाराचे तीन महिने थांबण्याचा सल्ला मुळात लागू होत नाही. तिथे औषध पहिल्या दिवसापासून आणि आहार त्याच्या जोडीला.

सजग_वाचक

लिपोप्रोटीन-ए आणि अपोबी दोन्ही पहिल्याच तपासणीत घेतो. ओट्स ७५ ग्रॅम, इसबगोल ३ ग्रॅमपासून चढत, दळलेलं जवस ३० ग्रॅम, स्टेरॉल २ ग्रॅम मोठ्या जेवणासोबत, कॉफी कागदातून. हे सगळं एकदम सुरू करू की एकेक?

तंतुमय

आकडा खाली आणायचा असेल तर एकदम. नेमकं कशानं आला हे कळायला हवं असेल तर एकेक, पण मग तीन महिने पुरणार नाहीत. फक्त इसबगोल आणि जवस दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका, पोट सहन करणार नाही. पहिले दोन आठवडे ओट्स, स्टेरॉल आणि कॉफीचा बदल, तिसऱ्यापासून इसबगोल, सहाव्यापासून जवस १० ग्रॅमनं. पूर्ण मात्रा सातव्या-आठव्या आठवड्यात येईल, म्हणून दुसऱ्या तपासण्या तेराव्या आणि चौदाव्या आठवड्यात ठेवा, आणि डॉक्टरांची वेळही त्यानंतरचीच घ्या.